छापील नक्षी चांदीवर उतरवताना रेघा तुटतायत, उपाय सांगा

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूरचा, घरचं पिढीजात सोनारकाम. दागिना आता बहुतेक तयारच येतो, पण भांड्यावरचं कोरीव काम आम्ही अजून हातानं करतो. ताट, तबक, निरांजन, पादुका, कधी देव्हाऱ्याची पाटी. वडील पांढरा पोस्टर कलर पातळ करून भांड्यावर हात फिरवतात, वाळला की पेन्सिलनं नक्षी काढतात, सुईनं रेघ ओढून घेतात आणि मग कलम, म्हणजे कोरायची छिन्नी, धरतात. त्यांचा हात चाळीस वर्षं बसलेला आहे. माझा अजून तसा नाही.

सध्या रुखवतासाठी एक चांदीचं तबक आलंय. काठानं वेल आणि मध्ये नवरानवरीची नावं. वेल जिथून जाणार त्या वर्तुळाचा व्यास २२ सेंमी, म्हणजे घेर ६९.१ सेंमी. सोळा वेळा तोच तुकडा फिरवला तर एक तुकडा ४.३ सेंमीचा येतो. हे हातानं सोळा वेळा सारखं काढणं मला जमत नाही, म्हणून कॉम्प्युटरवर काढलं, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं, कागद पालथा ठेवला आणि मागून नेलपॉलिश काढायचं पाणी लावलं. कुठं रेघ येते, कुठं नुसता करडा डाग, कुठं काहीच नाही.

अजून एक. मागच्या महिन्यात एका तांब्यावर नाव उलटं उतरलं. रेघा पुसट होत्या आणि मी शिरोरेघेपासून सुरुवात केली. शिरोरेघ उलटी असली तरी तशीच दिसते, त्यामुळे ती पूर्ण कोरून पहिल्या अक्षराच्या कान्याला हात घालेपर्यंत लक्षातच आलं नाही. तांब्या घासून पुन्हा गुळगुळीत करायला अख्खा दिवस गेला. गिऱ्हाईकाला खरं ते सांगितलं, त्यांनी समजून घेतलं.

वडिलांचं म्हणणं, कागदावरून उतरवलेली नक्षी ही उसनी नक्षी. त्याबद्दलही कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा.

छापखाना

परभणीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे छपाईची बाजू मी सांगतो.

लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स या दोन्हींत शाई नसते, टोनर असतो. टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक पूड. मशीन ती कागदावर टाकतं आणि तापलेल्या रोलरखालून वितळवून चिकटवतं. तुम्हाला करायचंय ते इतकंच, की तेच प्लॅस्टिक पुन्हा मऊ करायचं, एकतर उष्णतेनं नाहीतर ते विरघळवणाऱ्या पातळ द्रावणानं, आणि कागदाऐवजी धातूला चिकटवायचं. घरच्या इंकजेटची शाई पाण्यातली असते. तिच्यावर कितीही इस्त्री फिरवली तरी ती उठत नाही. इथंच बऱ्याच जणांचा दिवस वाया जातो.

दुकानदाराला तीन गोष्टी सांगा. टोनर वाचवायची सेटिंग बंद कर, छपाई जास्तीत जास्त गडद ठेव, आणि आकार १०० टक्केच ठेव, पानात बसवू नकोस. ही शेवटची गोष्ट विसरली की सोळावा तुकडा पहिल्यावर चढतो किंवा मध्ये फट राहते. छापून आल्यावर पट्टी लावून मोजा. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १० सेंमीची एक रेघ टाकून ठेवतो, ती मोजली की कळतं.

उलटसुलटचं म्हणाल तर, कागद पालथा पडणार म्हणून छपाई उलटी हवी. मात्र मुद्रा किंवा ठसा कोरायचा असेल तर धातूवरच अक्षर उलटं लागतं, तेव्हा छपाई सुलटी ठेवायची. हातानं काढलेलं चित्र असेल तर ते ट्रेसिंग पेपरवर गिरवा आणि कागद उलटा करून झेरॉक्स काढा. आपोआप उलटं येतं.

नेलपॉलिश काढायच्या बाटलीत आजकाल बरेचदा ॲसिटोन नसतंच, आणि असलं तरी त्यात तेल असतं. तुमच्या रेघा तिथंच मेल्या. नुसतं ॲसिटोन आणा, नाहीतर रंगाच्या दुकानातलं एनसी थिनर.

तांब्याची_पाटी

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमची मुलं सर्किटची पाटी अशीच बनवतात. तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीनं टोनर उतरवायचा आणि उरलेलं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये खाऊ द्यायचं. टोनरखालचं तांबं वाचतं. तुमचं काम वेगळं असलं तरी पहिली अर्धी वाट एकच आहे.

रेघ तुटण्याचं कारण दहात नऊ मुलांच्या बाबतीत एकच निघतं, ते म्हणजे बोटाचं तेल. पत्रा डोळ्याला स्वच्छ दिसतो, पण असतो तेलकट. मी मुलांना एकच परीक्षा शिकवलीय. भांडी घासायच्या पावडरनं पत्रा घासा, धुवा आणि तिरका धरा. पाणी सगळ्या पत्र्यावर एकसंध चादरीसारखं पसरून राहिलं तर पत्रा स्वच्छ. कुठं थेंब गोळा झाले, पाणी कुठून मागं सरकलं, तर तिथं तेल आहे. तिथंच नंतर रेघ तुटणार. पत्रा वाळवताना कडेनंच धरायचा.

आरशासारख्या चकाकीवरही टोनर नीट धरत नाही. ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून हलक्या हातानं फिरवला की पृष्ठभाग मंद होतो आणि काळी रेघ नीट दिसते. चकाकी शेवटी आणता येते.

कागद साधा नको, मासिकाच्या गुळगुळीत पानाला टोनर कमी चिकटतो म्हणून तो सहज सुटतो. स्टिकर काढल्यावर मागं जो मेणचट कागद उरतो तो त्याहून चांगला, कारण त्यावरचा टोनर जवळजवळ सगळाच उतरतो. पण तो सुटा मशीनमध्ये घालू नका, अडकतो. साध्या ए-फोर कागदावर पुढच्या कडेला टेप लावून चिकटवा आणि मग घाला. छापलेल्या बाजूला बोट लावलंत तर पूड तिथंच पुसते.

इस्त्री सुती कपड्याच्या आकड्यावर, वाफ बंद. तांबं आणि चांदी उष्णता भराभर पसरवतात, त्यामुळे मोठं ताट तापायला वेळ घेतं. नुसती इस्त्री दाबत बसण्यापेक्षा ताट आधी मंद तव्यावर कोमट करून घेतलं तर काम पटकन होतं. दाबायचं, पण सरकवायचं नाही. मासिकाचा कागद असेल तर पाण्यात भिजवून अंगठ्यानं हळूहळू चोळून काढा. मेणचट कागद असेल तर गार होऊ द्या आणि सोला.

मांजराकाठ

ताई, पाण्याची परीक्षा आत्ता केली. तबकाच्या मधोमध हाताच्या पंजाएवढ्या जागेतून पाणी सरकतंय. तिथंच मी तबक धरत होतो!

पण इस्त्रीची अडचण आहे. तबक आधीच राळेवर, म्हणजे कोरताना भांडं हलू नये म्हणून खाली लावतात त्या चिकट थरावर, बसवलंय. वरून इस्त्री दिली तर राळ मऊ होईल ना?

तांब्याची_पाटी

हो, होईल. राळेवर बसवलेल्या भांड्याला इस्त्री नकोच. हे माझ्या कामात येत नाही म्हणून सुचलं नाही.

गोदातीर

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या भागात कडी आणि कृपाणींवर अक्षर-नक्षी कोरायचं काम करतो. माझं सगळं पोलादावर, पण राळेची अडचण तीच.

राळेत बसवलेल्या वस्तूला ॲसिटोनचीच पद्धत. मात्र राळ ॲसिटोनमध्ये विरघळते, म्हणून भांड्याच्या कडेनं चिकटपट्टी लावून घे, थेंब खाली ओघळू देऊ नको. कागद पालथा ठेव आणि एका बाजूला टेप लाव, म्हणजे दाराला बिजागरी असते तसं. कापूस भिजवायचा आणि पिळून काढायचा. गळणारा कापूस फिरवला तर टोनर पसरतो, तुझा करडा डाग तोच आहे. कापूस एकदाच फिरव. कागद ओला झाला की आरपार दिसायला लागतो आणि आतली नक्षी काळीभोर दिसते. तेवढ्यात कोरडा कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबून घास. ॲसिटोन काही सेकंदांत उडतं, म्हणून एका वेळी चार बोटं रुंदीचाच भाग घ्यायचा. टेप न काढता कोपरा उचलून बघ. कमी उतरलं असेल तर कागद परत जागेवर पडतो, सरकत नाही.

आणि दादा, बत्ती विझवून. सोनाराच्या पेढीवर गॅस पेटलेला असतो, ॲसिटोनची वाफ खालून पसरते आणि लांबून पेट घेते. खिडकी उघडी ठेव.

उतरलं की काम संपलं असं नाही. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२-४३ च्या वर जातो. तळहाताचा घाम लागला की टोनर अर्ध्या तासात पुसला जातो. म्हणून दोन गोष्टी करतो. सुताराकडची चपडी, म्हणजे लाखेचं स्पिरिटमधलं पॉलिश, एकदम पातळ करून वरून एक हात. ती वाळली की घामाला दाद देत नाही, आणि काम झाल्यावर स्पिरिटनं निघून जाते. दुसरं, कोरायच्या आधी सगळ्या रेघा बारीक सुईनं ओढून घ्यायच्या. पुढं टोनर गेला तरी रेघ धातूवर राहते.

साध्या पोलादावर मी कधीकधी टोनरऐवजी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, वापरतो. मोरचुदाचं पाणी फिरवलं की पोलादावर तांब्याचा लालसर पातळ थर बसतो. त्यावर सुईची रेघ पांढरी चमकते. स्टेनलेसवर मात्र हा थर धरत नाही, चांदीवर तर नाहीच.

आडवाट

संभाजीनगरहून. मी इतिहासाची आहे, कलम कधी हातात धरलं नाही, पण ‘उसनी नक्षी’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

आपल्या पैठणला राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा ताम्रपट सापडला, शके ७१६ चा, म्हणजे इसवी सन ७९४. यादव रामचंद्राचाही पैठणचाच ताम्रपट आहे, शके ११९३ चा. असे ताम्रपट कोरण्याची रीत अशी होती की लिहिणारा वेगळा आणि कोरणारा वेगळा. जाणकार लेखक पत्र्यावर शाईनं मजकूर लिहून द्यायचा आणि तांबट, लोहार किंवा सोनार त्या रेघांवरून छिन्नी चालवायचा. अनेक ताम्रपटांत अशा चुका दिसतात ज्या फक्त लिपी न समजणाऱ्या हातून होतील. सारखी दिसणारी अक्षरं एकमेकांच्या जागी गेलेली, एखादी मात्रा गाळलेली. म्हणजे दुसऱ्यानं आखून दिलेल्या रेघेवरून कोरणं आपल्या मातीत बाराशे वर्षांहून जुनं आहे. वडिलांना हे जरूर सांगा.

पण त्याच चुका दुसरंही सांगतात. रेघ कशाची आहे हे कोरणाऱ्याला कळत नसेल तर ती धातूत चुकीची बसते.

कलमराळ

आडवाट ताईंनी माझ्या मनातलं शेवटचं वाक्य लिहिलं. मी उदगीरचा. वय सत्तरीपुढं, आता काम थोडं. उमेदीची वर्षं बिदरला उस्तादांकडं बिदरी शिकण्यात गेली. उदगीरला बिदर परकं नाही, १९५६ पर्यंत आमचा तालुका बिदर जिल्ह्यातच होता.

बिदरीचा धातू जस्ताचा, त्यात थोडं तांबं. ओतून, कानस मारून गुळगुळीत केला की पांढरट दिसतो, त्यावर रेघ उठत नाही. म्हणून मोरचुदाच्या पाण्यानं आधी काळा करायचा. हा काळेपणा तात्पुरता. त्यावर टोकदार सळईनं नक्षी काढली की रेघ पांढरी दिसते. मग कोरायचं, चांदीची तार ठोकून बसवायची, घासायचं. तेवढ्यात पहिला काळा निघून जातो. शेवटचा काळा बिदरच्या किल्ल्यातल्या मातीचा आणि नवसागराचा. तो धातूला धरतो आणि चांदीला शिवत नाही. आता बघा, पहिला काळा फक्त आखण्यासाठी लावलेला आहे. तुमचा टोनर म्हणजे तोच पहिला काळा. त्याला उसनं कोण म्हणेल?

पण लेकरा, तू कागदावर काय छापलंस ते सांगितलं नाहीस. मला वाटतं तू अख्खी वेल छापलीस, पानाच्या आतल्या शिरा, छटेच्या बारीक रेघा, सगळं. तसं असेल तर वडिलांचं म्हणणं खरं आहे. छटेची रेघ कलमाच्या दाबातून येते. सुरुवातीला केसासारखी, मध्ये फुगते, शेवटी पुन्हा केस. छापील रेघ एकसारखी जाड असते. तिच्यामागं कलम चाललं की हात आवळतो, रेघ थरथरते, आणि कोरीव काम छापल्यासारखं दिसतं. उस्ताद सुरईवर आधी फक्त वेलीचा देठ काढायचे, एक वळण, दुसरं वळण. मग पानांच्या जागा. पानाच्या शिरा त्यांनी कधीच आखल्या नाहीत. हातोडी हातात आली की शिरा आपोआप पडायच्या.

म्हणून कागदावर एवढंच ठेव: काठाची दोन वर्तुळं, सोळा भागांच्या खुणा, वेलीचा देठ, आणि प्रत्येक पानाची बाहेरची रेघ. बाकी पुसून टाक. नावाच्या अक्षरांची फक्त बाहेरची रेघ, आत भरलेला काळा नको. भरलेल्या अक्षरात कलमाचं टोक कुठं आहे ते दिसत नाही.

छापखाना

काका, मान ठेवून एक विचारतो. अक्षराच्या बाबतीत बाहेरच्या रेघेपेक्षा मधली रेघ दिली तर? माझ्याकडून भांड्यांवर नाव घालणारे छापून नेतात, त्यांना मधलीच रेघ लागते. बाहेरच्या दोन रेघा दिल्या की ‘ष’ आणि ‘क्ष’ च्या पोटात टोनर भरून येतो.

कलमराळ

स्टीलच्या भांड्यावर मशीनच्या टोकानं नाव घालायचं तर मधली रेघ बरोबर. तिथं अक्षराला जाडी नसते. चांदीवर हातानं कोरलेल्या अक्षराला जाडी-बारकी असते, बोरूनं लिहिल्यासारखी. ती मधल्या रेघेवरून ठरत नाही. पण तुमचं भरून येण्याचं म्हणणं खरं आहे. अक्षर १२ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर मीही मधलीच रेघ घेईन आणि जाडी हातानं देईन. मोठ्याला बाहेरची.

मांजराकाठ

काका, तुम्ही बघितल्यासारखं सांगितलंत. सगळं छापलं होतं, शिरा, छटा, फुलातले केसर सुद्धा. आज रात्री फाईल साफ करतो.

अजून एक विचारतो. आजोबांनी कोरलेलं एक तबक घरात आहे, पूजेतलं. त्याच्या काठाची वेल मला फार आवडते. तिचा नमुना कागदावर कसा घ्यायचा? फोटो काढला तर चकाकीनं अर्ध्या रेघा दिसत नाहीत, आणि बाजूनं वाकड्या येतात.

कलमराळ

फोटो नको. दिव्याचं काजळ धर आणि दोन थेंब गोडं तेल घालून मळ. बोटानं कोरलेल्या रेघांत भर. मग तळहात स्वच्छ पुसून वरवर एकदाच फिरव, म्हणजे वरचं निघतं आणि रेघेतलं राहतं. पातळ कागद ओलसर करून त्यावर ठेव, वर घडीचं कापड, आणि अंगठ्यानं जोर लावून दाबत जा. कागदाला रेघ उचलून येते, केसाएवढीही सुटत नाही. नंतर भांडं साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायचं.

ध्यानात ठेव, असा उठवलेला नमुना आधीच उलटा असतो. तो तसाच झेरॉक्स केला की तुझ्या कामाला थेट चालतो, पुन्हा उलटा करायचा नाही. कुणी सेलोटेपनं उचलतात. टेप कागदावर चिकटवली तर नमुना सुलटा दिसतो, मग मात्र झेरॉक्स उलटी काढावी लागते. या दोहोंत गल्लत झाली की तुझ्या तांब्यासारखं होतं.

गोदातीर

काका, ही काजळाची रीत मी आजच एका जुन्या कृपाणीवर केली. म्यानावरची नक्षी पूर्ण उठली. एक भर घालतो. वस्तू गोल असेल तर कागद अख्खा टाकू नका. कड्यासारखी नळी असेल तर चालतो, पण तांब्याचं पोट दोन्हीकडून वळतं, तिथं कागदाला चुण्या पडतात. कलिंगडाच्या फोडींसारख्या पट्ट्या कापायच्या, वरून-खालून निमुळत्या, आणि एकेक उतरवायची.

मांजराकाठ

नऊ दिवसांनी लिहितोय, तबक काल दिलं.

भांड्याच्या पावडरनं तीनदा धुतलं तेव्हा कुठं पाणी सगळीकडं सारखं पसरलं. फक्त देठ आणि पानांच्या बाहेरच्या रेघा छापल्या, कोपऱ्यात १० सेंमीची रेघ टाकून. पहिल्या दुकानात ती ९.७ निघाली. घेरात ३ टक्के गेले असते, म्हणजे सोळावा तुकडा दोन सेंमीनं अलीकडंच संपला असता. दुसरीकडून छापून घेतलं. ॲसिटोन, पिळलेला कापूस, चमचा. सोळापैकी चौदा तुकडे एका दमात उतरले. दोन पुसून पुन्हा घेतले. चपडीचा हात देऊन सुईनं रेघ ओढायला सकाळचे साडेपाच ते आठ, तीन दिवस. ऊन चढलं की थांबायचो.

पानांच्या शिरा मी काहीच आखलं नसताना कोरल्या. पहिल्या चार पानांवर हात घाबरत होता, ती पानं थोडी कोरडी दिसतात. सातव्या-आठव्या पानापासून कलम फुगून बारीक व्हायला लागलं. वडील शेजारी बसून बघत होते. दहाव्या पानाला म्हणाले, ‘आता हे तुझं दिसतंय.’ ताम्रपटाचं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पैठणचा शके किती ते दोनदा विचारून घेतलं.

आजोबांच्या तबकाचा काजळाचा कागद काल रात्री उठवला. त्या वेलीत दर पाचव्या पानाचं टोक किंचित डावीकडं वळलंय. इतकी वर्षं पूजेत बघून कधी दिसलं नव्हतं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, आजोबांच्या उजव्या अंगठ्याला जुनी जखम होती, तबक फिरवताना पाचव्या पानाला हात बदलावा लागायचा. काका, नमुना घेताना ते वळण तसंच ठेवू की सरळ करू?

कलमराळ

तसंच ठेव.